द्वारकाजींचं अक्षर

भांडायला आलेला माणूस पाणी पीत नाही, अशी मंदाकिनीची समजूत होती. नीरज प्याला. सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत प्याला, रुमालाने मिशी टिपली आणि म्हणाला, "बहनजी, घड्याळ परत आलंय."

आदर्श नगरातल्या त्या दुकानात सकाळचे अकरा वाजत होते. भिंतीवर सोळा घड्याळं चालू होती आणि त्यांतली कुठलीही दोन एकदम टोले देत नव्हती. विलास ती मुद्दाम तशी ठेवायचा. सगळी एकदम वाजली की गिऱ्हाईक दचकतं, एकामागून एक वाजली की रेंगाळतं, असं त्याचं म्हणणं.

"उभं घड्याळ?" विलासने विचारलं. आवाज त्याने बेताचा ठेवला होता, पण हातातल्या फडक्याची त्याने तीनदा घडी केली आणि तीनदा मोडली. मंदाकिनीने ते पाहिलं.

"मी दुसरं कुठलं घेतलं होतं?" नीरज हसला. त्याच्यामागे दाराशी दोन माणसं उभी होती. एक दाढीवाला, एक चौकड्यांच्या शर्टातला. त्यांना कुणी पाणी विचारलं नव्हतं.

विलास मंदाकिनीचा पाठचा भाऊ. वडील टपाल खात्यात होते. बदलीवर जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले, त्यामुळे मुलं टिळक नगरात वाढली. ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली, भाऊ जुन्या लाकडी सामानाच्या नादी लागला. ताई निवृत्त झाल्यावर तो म्हणाला, घरी बसून काय करणार, माझ्याकडे येऊन भिंग लावून बस. तेव्हापासून दुकानात आलेली प्रत्येक वस्तू तिच्या भिंगाखालून जायची. लाकूड कुठलं, किती जुनं, त्याला भोकं किडीने पाडली की कुणी गिरमिटाने. कीड कधी सरळ जात नाही. गिरमिटाला सरळच जाता येतं. तपासून झालं की ती एका कागदावर चार ओळी लिहायची आणि खाली सही करायची. दिल्ली-मुंबईचे संग्राहक विलासच्या जिभेपेक्षा त्या चार ओळींवर विश्वास ठेवायचे.

नीरज संग्राहक नव्हता. खडी फोडायची यंत्रं आणि सीकर रोडवरचं एक रिसॉर्ट, असा त्याचा पसारा. धाकट्या बहिणीच्या, सलोनीच्या लग्नात तिच्या सासरी, जोधपूरला, कुणाकडे नसेल अशी भेट द्यायची म्हणून तो आला होता आणि माणसाहून उंच असलेलं ते उभं घड्याळ घेऊन गेला होता.

"व्याह्यांनी नवीन दिवाणखाना बांधला," तो सांगू लागला. "घड्याळ तिकडे हलवलं. हलवलं तर बंद पडलं."

"हलवल्यावर पडतंच बंद," मंदाकिनी म्हणाली. "पायाखाली पाचर सारून परत ओळंब्यात आणावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना नव्हतं. त्यांनी दिल्लीहून घड्याळवाला बोलावला. त्याने आतलं यंत्रच बाहेर काढलं." नीरजने खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. "यंत्र ज्या फळीवर बसतं ना, ती त्याने उलटी केली. वाचा."

फळीच्या खालच्या अंगाला सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: *द्वारका. फागुन सुदी ५, २०८०.*

विक्रम संवताची तिथी, म्हणजे मागच्या वर्षीचा मार्च. अक्षर मंदाकिनीच्या ओळखीचं होतं. द्वारकाजी जयपूरजवळच्या चौमूंचे सुतार. त्यांच्या घराण्यात बापापासून, आजापासून एक रीत होती. हातातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर, गिऱ्हाइकाला सहज दिसणार नाही अशा जागी, आपलं नाव आणि तिथी घालायची. नाव न घालता दिलेलं काम म्हणजे बेवारस पोर, असं ते म्हणत. या घड्याळावर लिहू नका, म्हणून विलासने त्यांना दोनदा बजावलं होतं. ते दोन्ही वेळा "हो" म्हणाले होते. आणि मग विलास चुकूनही पाहणार नाही अशा ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं.

"दीडशे वर्षांचं घड्याळ," नीरज म्हणाला, "आणि सही मागच्या वर्षीची. सासऱ्यांनी पंगतीत सगळ्या पाहुण्यांसमोर ती फळी माझ्या बहिणीच्या हातात दिली. म्हणाले, सूनबाई, तुझ्या भावाने पत्र पाठवलंय, मोठ्याने वाच. तिने वाचलं. नवीनच द्यायचं होतं, तर म्हणे मनगटावरचं द्यायचं, पोराने वापरलं तरी असतं." त्याने दुसऱ्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. "आणि हे तुमचं, बहनजी. 'यंत्र इंग्लंडमध्ये १८८० च्या सुमारास बनलेले. लाकूड रोहिडा, वय शंभर वर्षांहून अधिक.' हे खोटं आहे?"

"नाही. दोन्ही खरं आहे."

"आणि घड्याळ?"

मंदाकिनी कागदावरच्या आपल्या सहीकडे बघत राहिली. यंत्र खरंच इंग्लंडचं होतं; विलासला ते पोत्यात गुंडाळलेलं मिळालं होतं. रोहिडाही खराच होता, शेखावाटीतल्या एका पडक्या हवेलीच्या दाराचा. पण पेटीच्या आतल्या फळीवर तिला किडीची बिळं उघड्या पन्हाळीसारखी लांबच लांब चिरलेली दिसली होती. कीड उजेडात, उघड्या चरातून चालत नाही. म्हणजे आधी किडीने लाकूड खाल्लं होतं आणि करवत नंतर फिरली होती. हे कळायला तिला भिंगही लागलं नव्हतं. तिने विलासकडे पाहिलं होतं आणि विलास म्हणाला होता, ताई, तू फक्त लाकडाचं लिही ना. तिने फक्त लाकडाचं लिहिलं होतं.

"हा द्वारका कुठे राहतो?" नीरजने विचारलं.

"ताई, काही बोलू नकोस," विलास मराठीत म्हणाला. "म्हातारा मरेल. मी बघतो."

"मराठी नको," नीरज म्हणाला. "जे काय असेल ते मला समजेल असं बोला." मग विलासकडे वळून, "कुठे राहतो?"

"नीरजजी, घड्याळ ठेवून जा. तुम्ही दिलेलं सगळं—"

"ते मी मागितलं का?"

चौकड्यांच्या शर्टवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं. दाढीवाल्याने कोपऱ्यातलं एक लंबकाचं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं, दोन्ही हातांनी नीट धरलं, जणू विकत घ्यायचं आहे, आणि विलासच्या तोंडावर मारलं.

काच फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आत दुसरा एक बारीक आवाज. तो नाकाच्या हाडाचा होता. विलास मागच्या वेताच्या खुर्चीवर आदळला, खुर्ची मोडली. दाढीवाला त्याच घड्याळाने त्याच्या खांद्यावर, मानेवर, डोकं वाचवायला वर केलेल्या कोपरांवर मारत राहिला. पेटीच्या फळ्या एकेक करून सुटल्या. शेवटी हातात नुसती पितळी तबकडी राहिली, तेव्हा ती टाकून त्याने लाथ वापरली. मंदाकिनी मध्ये पडायला धावली, तर चौकड्यांच्या शर्टवाल्याने तिला मागून कंबरेला धरून उचलून बाजूला ठेवलं. एखादी तिपाई ठेवावी तसं.

"कुठे राहतो?"

विलास थुंकला. रक्तात एक दात होता. "माहीत नाही," तो म्हणाला. आणि पुढच्या तीन लाथांनंतरही तेच म्हणाला. मंदाकिनीला आश्चर्य वाटलं. लहानपणी इंजेक्शनची सुई पाहून पलंगाखाली दडणारा हा पोरगा.

नीरजने कपाळ चोळलं. मग त्याने भिंतीशी असलेलं सागवानी कपाट उघडलं. जुनं, दोन बोटं जाड दाराचं. मंदाकिनीचा उजवा हात मनगटाशी धरून त्याने तिची चार बोटं दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये, बिजागरीच्या अंगाला ठेवली. त्याची पकड घट्ट होती, पण खडबडीत नव्हती.

"माफ करा, बहनजी," तो म्हणाला आणि दार लोटायला लागला.

दार तिच्या बोटांना लागलं. मग दाबलं. नखांखाली पांढरं पडलं आणि एक ऊन कळ थेट काखेपर्यंत गेली. ती ओरडली नाही. ओरडायला श्वास घेतला आणि तो तसाच राहिला.

"चौमूं!" विलास किंचाळला. "चौमूंला! बाजाराच्या मागे, सुतारांच्या गल्लीत! तिचा हात सोडा!"

दार उघडलं. बोटं लाल-निळी झाली होती, पण वळत होती. तिने एकेक वळवून पाहिली. भिंतीवरची घड्याळं मागेपुढे साडेअकराचा ठोका देत होती.

* * *

त्या दोघांनाही गाडीत घातलं. मोबाइल आधीच काढून घेतले होते. विलास मागच्या बाकावर दाढीवाल्याशेजारी रुमालाने नाक दाबून बसला होता, मंदाकिनी मधल्या बाकावर नीरजशेजारी. सीकर रोडला ट्रकांची रांग होती, एप्रिलचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं.

"मी मारकुटा माणूस नाही," नीरज अचानक म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"सलोनी आठ वर्षांची होती, तेव्हा आमचे वडील गेले. मी वाढवली. कधी बोट लावलं नाही. काल फोनवर ती रडली नाही, बहनजी. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, भैया, तुम्ही यापुढे इथे येऊ नका, मला अवघड होतं." तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "मी तिच्या सासऱ्यांना शब्द दिला. म्हटलं, ज्या हाताने हे केलं, तो हात उद्या संध्याकाळपर्यंत मोडलेला दाखवतो. मोबाइलवर. मग तुम्ही पंगतीत दाखवा."

"त्यांनी मागितला होता?"

"नाही. माझ्या तोंडून गेलं."

"मग परत घ्या."

नीरजने तिच्याकडे असं पाहिलं, की या बाईला अक्षरओळख तरी आहे का. "तुमच्यात घेत असतील," तो म्हणाला.

मागून विलासचा बोबडा आवाज आला. मराठीत. "ताई, मी काय करणार होतो? तुझी बोटं—"

"मला माहीत आहे."

"मतलब, मी सांगितलं ते चूक केलं का?"

दाढीवाल्याने त्याच्या बरगडीत कोपर घातलं आणि बोलणं थांबलं.

* * *

द्वारकाजी अंगणातल्या पत्र्याखाली एका जुन्या झरोक्याची जाळी दुरुस्त करत बसले होते. सत्तरीला टेकलेला, वाळका माणूस. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. एवढी माणसं आलेली पाहून ते उठले आणि घराकडे तोंड करून सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग विलासचा चेहरा त्यांना दिसला.

"अरे, भैया! कुठे पडलात?"

"चहा नको," नीरज दारात आलेल्या सुनेला म्हणाला. "बाई, तुम्ही आत जा आणि दार लावून घ्या. काही ऐकू आलं तरी उघडू नका." चौकड्यांच्या शर्टवाल्याने तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि बाहेरून कडी घातली.

नीरजने द्वारकाजींना फोटो दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर नेऊन तो अगदी डोळ्यांजवळ धरला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे माझंच. रोहिड्याची पेटी. का हो, काही उकललं का? सांधा सुटला? सुटणार नाही तसा."

"तुम्ही लिहिलंत?"

"मग कोण लिहिणार? माझंच काम आहे." मग विलासकडे ओशाळून बघत, "भैया, तुम्ही नको म्हटलं होतं. पण हात ऐकेना. इतकी चांगली पेटी झाली होती. खाली लिहिलं, म्हटलं कोण बघतंय."

"नकली माल बनवून त्यावर नाव घालता?"

"नकली?" म्हातारा आता रागावला. "नकली कशी? लाकूड जुनं, काम नवं. असंच सांगून दिली मी भैयांना. जुनी आहे, असं मी कुणाला म्हटलं? बोलवा त्याला माझ्यापुढे."

नीरज विलासकडे बघत होता, मग मंदाकिनीकडे, मग परत म्हाताऱ्याकडे. या माणसाचा काही दोष नाही, हे त्याला कळलं होतं. मंदाकिनीला ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं आणि तिला वाटलं, संपलं. पण नीरजने घड्याळात पाहिलं आणि मान हलवली.

"मी हाताचा शब्द दिलाय," तो म्हणाला, "आणि नाव तर तुमचंच आहे, बाबा. तिथे सगळ्यांनी तेच वाचलंय."

दोघांनी द्वारकाजींना कामाच्या टेबलाशी नेलं. ते गेले; त्यांना अजून कळलंच नव्हतं. त्यांचा उजवा हात टेबलावर उताणा केला, मग पालथा, तेव्हा कळलं. ते एकदम खाली बसू लागले. दाढीवाल्याने त्यांना काखेतून वर धरलं. "माझा हात आहे हो तो," ते म्हणत राहिले. "हात आहे हो माझा." जणू पलीकडच्यांचा काही गैरसमज झाला आहे.

नीरजने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला. बाभळीचा, डोकं नारळाएवढं. तो त्याने विलासच्या हातात दिला.

"तू विकलंस. तू मोड."

"नाही," विलास म्हणाला.

"तुझ्या बहिणीची बोटं राहिलीच आहेत अजून."

"नीरजजी, मला मारा. मी विकलं ना, मला मारा, पाया पडतो—"

"तुला मारून झालं. तुझं नाव नाही त्या फळीवर." त्याने चौकड्यांच्या शर्टवाल्याला खूण केली. त्याने मोबाइल समोर धरला. "त्याचं मनगट डाव्या हाताने दाबून धर, म्हणजे हलणार नाही. हं."

विलासने डावा पंजा द्वारकाजींच्या मनगटावर पालथा ठेवला. हातोडा उचलला. घातला. टेबल हादरलं, खिळे उडाले, पण हातोडा बोटांपासून चार अंगुळं दूर पडला होता. त्याने मुद्दाम चुकवला होता आणि ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"एकदा चुकलं," नीरज म्हणाला. "आता चुकलं तर तिचा हात, आणि तो मी धरीन."

मंदाकिनी टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभी होती. तिला कुणी धरलं नव्हतं. साठीची बाई, सुजलेल्या बोटांची. तिला कशाला कोण धरणार. तिने भावाकडे पाहिलं. त्याने पाय किंचित फाकवले, खांदा मागे नेला, आणि त्याची नजर प्रथमच द्वारकाजींच्या बोटांवर स्थिर झाली. आता तो चुकवणार नव्हता. तिच्यासाठी चुकवणार नव्हता. दुकानात तिच्यासाठीच त्याने पत्ता दिला होता आणि आता तिच्यासाठीच तो त्या हाताचा चुरा करणार होता; आणि उरलेला जन्म तिला हे सांगत राहणार होता.

द्वारकाजींचं मनगट दाबून धरलेला विलासचा डावा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. मनगट तळव्याच्या टाचेखाली दाबलेलं, पुढचा पंजा आणि बोटं पलीकडे टेबलावर पसरलेली, मागच्या शिरा फुगलेल्या. शेजारी पटाश्या ओळीने मांडल्या होत्या. अरुंदातली अरुंद तिने उचलली. मूठ दोन्ही पंजांत धरली. तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये जी मऊ खाच असते, तिथे टोक टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकला.

द्वारकाजींच्या पटाश्यांना कागद कापण्याची धार असे. ती कातडीतून गेली, मग एका चिवट थरातून, मग तिला खाली लाकूड लागलेलं मुठीत कळलं. ती आणखी दाबत राहिली. पटाशी लाकडात बसेपर्यंत.

विलासचा हातोडा मागच्या मागे गळून पडला. तो ओरडला तो आवाज माणसाचा नव्हता. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, आतून सून दारावर धपाधप मारू लागली. तो हात ओढायला गेला आणि ओढता येईना म्हणून गुडघ्यावर आला. दाढीवाल्याने दचकून द्वारकाजींना सोडलं होतं. म्हाताऱ्याने आपला हात छातीशी घेतला आणि तो पाठमोरा होऊन भिंतीत शिरू पाहत होता.

"हे घ्या," मंदाकिनी मोबाइलकडे बघून म्हणाली. तिचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, आणि तो तसा आहे याची तिलाच भीती वाटली. "घड्याळ ज्या हाताने तुम्हाला जुनं म्हणून दिलं, तो हात हा आहे. ज्याने बनवलं त्याने खरं तेच लिहिलं होतं. मी खालची सही करणारी. मला माहीत होतं. हेही पाठवा."

नीरज हलला नाही. टेबलावरून रक्त पातळ धारेने भुशात उतरत होतं आणि भुसा ते तेवढ्याच वेगाने पीत होता.

"हा तुमचा सख्खा भाऊ?" त्याने विचारलं.

"हो."

"सख्खा?"

"हो म्हटलं ना!"

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. राग नव्हता तो. शिसारी होती. जोधपूरला जी एक मुलगी फोनवर रडली नव्हती, तिच्याकडे तो या अंगणातून बघत असावा. तो दोन पावलं मागे सरला, भुशातून, आपले पांढरे बूट सांभाळत.

"भैया, पाठवू?" चौकड्यांच्या शर्टवाल्याने विचारलं.

"पाठव." मग लगेच, "थांब. बाईचा आवाज काढून पाठव. हात दिसला की शब्द पुरा." तो दाराकडे निघाला, अर्ध्यावर वळला. "बहनजी, राखीला काय बांधता हो तुम्ही? तार?"

दाढीवाला हसला. नीरज हसला नव्हता. सगळ्यांचे मोबाइल त्याने जाता जाता अंगणातल्या खाटेवर ठेवले, एकेक, पालथे. गाडी गेली. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

* * *

"काढ," विलास रडत होता. "काढ ते, ताई, काढ!"

"काढायची नाही. काढली तर रक्त उसळेल. हातात तशीच राहू दे. नुसती लाकडातून सोडवायची आहे." पण तिने मूठ धरली, तेव्हा तिची चेंगरलेली बोटं तिच्याभोवती आवळेनात. तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा विलास किंचाळला.

"सरका," द्वारकाजी म्हणाले.

ते भिंतीपासून केव्हा उठले, ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी धोतराला हात पुसले. टेबलाखाली वाकून पाहिलं, बोटाने जागा चाचपली. मग दुसरी एक पटाशी घेऊन विलासच्या पंजाखालून, लाकडाच्या रेघेने, ते कोरत गेले. नखाएवढी ढलपी निघाली, मग दुसरी. ठोका असा की ऐकू यावा पण जाणवू नये. विलास दात दाबून त्यांच्या हातांकडे बघत होता. तेच हात, इतक्या जवळून. सहाव्या-सातव्या ढलपीला टोक मोकळं झालं आणि त्याचा पंजा पटाशीसकट टेबलावरून उचलला गेला.

मंदाकिनीने दाराची कडी काढली. सून बाहेर आली, तिने टेबल पाहिलं, विलासचा हात पाहिला, सासऱ्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आणि एक शब्दही न बोलता शेजारच्या लोडिंग रिक्षावाल्याला हाका मारायला गल्लीत धावली.

रिक्षात मागे घड्याळं-कपाटं बांधायच्या जुन्या रजया पडल्या होत्या. विलासला त्यांवर निजवलं. एका अंगाला मंदाकिनी बसली, दुसऱ्या अंगाला द्वारकाजी चढले.

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही घरी थांबा."

"तुमची बोटं सुजलीत," ते म्हणाले. विलासच्या पंजाभोवती तिने आपली ओढणी फाडून बांधलेली गाठ सुटली होती. ती त्यांनी पुन्हा बांधली, दोन्हींकडून, पटाशीला धक्का न लागू देता. मग मनगट धरून हात वर उचलला. "असा ना? छातीच्या वर?"

"हो. असाच धरून ठेवा."

सरकारी दवाखाना तीन किलोमीटर होता आणि रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला विलास कण्हायचा आणि द्वारकाजी त्याचा हात आपल्या खांद्यापर्यंत उंच घ्यायचे, हिसका स्वतःच्या कोपरात झेलत. बाजार आला. लोक वळून बघायला लागले.

"ताई," विलास डोळे मिटूनच म्हणाला, "मी तुझ्यासाठी मारणार होतो."

"हो."

"आणि तू माझा हात..."

"हो, विलू."

मग त्याने मान वळवली, ताईकडे नाही, दुसऱ्या अंगाला. "द्वारकाजी, दुसऱ्यांदा मी चुकवला नसता," तो म्हणाला. हिंदीत, म्हाताऱ्याला कळावं म्हणून. "तुमचा हात गेला असता."

पुढे मोठा खड्डा होता. तो जाईपर्यंत द्वारकाजी रस्त्याकडे बघत राहिले. त्यांच्या बोटांची पकड मनगटावर घट्ट झाली आणि किती तरी वेळ तशीच राहिली. दुखेल इतकी घट्ट. विलास कण्हला नाही.

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "हात खाली सोडू नका."